शाळेचं पाणी

चावीताईंचं खरं नाव पंचायतीच्या हजेरीपत्रकात होतं, आणि ते रोज लिहिणारा कारकून मीच. पण रस्त्यात त्या नावाने हाक मारली असती तर त्यांनीही वळून पाहिलं नसतं. छातीएवढी उंच, वर आडवी मूठ असलेली लोखंडी चावी खांद्यावर टाकून त्या गावभर फिरत. रस्त्यातलं झाकण उचलायचं, आतल्या व्हॉल्व्हला चावी लावायची, मोजून अकरा फेरे. वरच्या आळीला पाणी. तासाभराने खालच्या आळीला आणि पुढे शाळेला.

आधी हे काम त्यांचे वडील करत. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा पंचायत नवा माणूस शोधणार होती. दुसऱ्या सकाळी ताईच चावी घेऊन निघाल्या आणि शोध तिथेच संपला. नवरा म्हणाला, "हे काय बायकांचं काम आहे?"

"नळावर भांडायचं काम बायकांचं, मग पाणी सोडायचं कुणाचं?" असं म्हणून त्या चपला घालून बाहेर पडल्यासुद्धा.

साथ आली त्या वर्षी शहरातून परतणाऱ्यांना चौदा दिवस शाळेत ठेवायचं ठरलं. तेवीस माणसं आली. त्यात ताईंचा धाकटा भाऊही होता, बायको आणि मुलीसह. शाळा गावाच्या टोकाला, उंचवट्यावर.

तिसऱ्याच दिवशी पंचायतीच्या अंगणात तीस-चाळीस लोक जमले. लांब लांब उभे राहायचा नियम होता, पण राग आला की माणसं आपोआप जवळ सरकतात. पुढे होते गिरणीवाले.

"शाळेचं पाणी बंद करा. पाइप एकच आहे. त्यांचं उष्टं पाणी आमच्या घरात यायचं."

सरपंच म्हणजे आमचे गुरुजी. तीस वर्षं त्याच शाळेत शिकवलेले, पण समोरचा प्रत्येकजण मतदार. त्यांनी दोनदा चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "आदेश लिहायला घ्या." मी वरची तारीख टाकलीसुद्धा.

"पाणी उलटं येत नाही, गुरुजी," मागून ताईंचा आवाज आला. "टाकीतून निघतं ते शाळेत जाऊन संपतं."

"तुमचा भाऊ आत आहे, ताई. तुम्ही असंच म्हणणार," गिरणीवाले म्हणाले.

ताई म्हणाल्या, "खरं आहे. मग माझ्या शब्दावर जाऊ नका, डोळ्यांनी बघा. उद्या सकाळी, तुमच्याच नळावर."

सकाळी त्यांनी शाळेच्या कुंपणावरून भावाकडे कपड्यांच्या निळीची बाटली फेकली. शाळेत नळाला रबरी नळी लावून ती मोठ्या पिंपात सोडलेली होती. पिंप भरलं, भावाने बाटली त्यात रिकामी केली. मग खालच्या आळीत गिरणीवाल्यांच्या नळाखाली पांढरी बादली ठेवली गेली. पाणी चालू होतं तोवर बादलीत स्वच्छ पाणी. ताईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि व्हॉल्व्ह बंद केला.

धार बारीक झाली. चार मिनिटांनी बादलीत फिकट निळी रेघ उतरली.

ताईच मोठ्याने म्हणाल्या, "आलं. माझं चुकलं."

"मग झालं तर! करा बंद," गिरणीवाले म्हणाले.

ताईंचं लक्षच नव्हतं. त्या नळापाशी खाली बसल्या होत्या. तिथूनच भावाला फोन लावला. "नळी पिंपात किती खोल आहे रे?"

"तळापर्यंत, ताई."

"तरीच." त्या उठल्या. "मी व्हॉल्व्ह बंद केला की पाइप रिकामा होतो. शाळा उंचावर, तुमचा नळ खाली. नळी पाण्यात बुडालेली. मग पाइप पिंपातलं पाणी ओढून घेतो आणि तुमच्याकडे सोडतो. वडिलांनी मला हे कधी सांगितलं नाही. त्यांनाही माहीत नसणार."

"म्हणूनच म्हणतोय, बंद करा!"

"मागे गिरणीचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा गिरणी पाडलीत का? छप्परच शाकारलंत ना?"

गिरणीवाल्यांची बायको पदर तोंडाला लावून हसली.

बंद पडलेल्या पंपघरात पाणी एकाच बाजूला जाऊ देणारा व्हॉल्व्ह होता. पाणी उलटं फिरलं की त्याची आतली झडप मिटते. गंजून तो इतका घट्ट बसला होता की ताईंना एकटीने हलेना. शेवटी गिरणीवालेच आपले पाने घेऊन आले. तोंडाला फडकी बांधून, एकमेकांवर खेकसत, दोघांनी अर्ध्या दिवसात तो शाळेकडे जाणाऱ्या पाइपच्या फाट्यावर बसवला. भावाने तिकडे नळी कापून पिंपाच्या वर वीतभर लटकती ठेवली.

दुसऱ्या सकाळी पुन्हा बादली, पुन्हा नीळ, पुन्हा व्हॉल्व्ह बंद. मी घड्याळ धरून उभा. वीस मिनिटं झाली तरी बादलीत पाणी स्वच्छच. ताईंनी पेला भरला, पण तो गिरणीवाल्यांनी त्यांच्या हातातून घेतला आणि आपणच पिऊन टाकला.

"गोड आहे," एवढंच म्हणाले.

मी आदेशाचा तो कागद फाडला. चौदा दिवस शाळेला रोज पाणी मिळालं. एका आजोबांना ताप आला, दवाखान्यात न्यावं लागलं. तीन आठवड्यांनी ते स्वतःच्या पायांनी घरी आले.

पण ताईंच्या डोक्यातून ती निळी रेघ जाईना. खालच्या आळीत दर उन्हाळ्यात पोरांची पोटं बिघडायची, ती कशाने, हे त्यांना आता उमगलं. त्या घरोघरी कात्री घेऊन गेल्या आणि पिंपांत बुडालेल्या नळ्या कापत सुटल्या. काहींनी चार शब्द सुनावले. ताईंनी आठ सुनावले.

पुढच्या सभेला गुरुजींनी त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. ताई बसल्या नाहीत. उभ्यानेच मला म्हणाल्या, "लिहा. तसले पाच व्हॉल्व्ह, पावसाच्या आत."

मी ठराव लिहिला. त्यांनी वही ओढून घेतली, बोट ठेवून सावकाश वाचला आणि परत सरकवली.

"हे 'शक्य झाल्यास' कुणी सांगितलं? ते खोडा."

मी खोडलं.