कमानीवरचं घोंगडं

माझ्या धाकट्या भावानं धाराशिवला बंगला बांधला आणि त्याच्या पुढच्या भिंतीत कमानीची खिडकी बसवली. खिडकी कसली, पालखी आडवी न करता आत जाईल एवढं ते भोक. खाली चौकोन, वर अर्धा चंद्र, सगळी काच, आणि तोंड पश्चिमेला. वैशाखात आमच्याकडं कुत्रंसुद्धा भिंतीची सावली धरून चालतं. अशा मुलखात मावळतीकडं तोंड करून एवढी काच लावायची अक्कल सरकारी गाडीच्या एसीत बसून फिरणाऱ्यालाच सुचू शकते. माझा भाऊ तसा फिरतो.

कमान त्यानं कुठल्याशा रिसॉर्टमध्ये पाहिली होती. मोबाईलमधला फोटो गवंड्याला दाखवला, गवंड्यानं मान डोलवली आणि फोटोत बघत बघत, नजरेच्या अंदाजानं कमान उतरवली. बाहेरून बघणाऱ्याला ती झकास दिसायची. रस्त्यानं जाणारे थांबून बघत. भावाला तेवढंच हवं होतं. आत कोण बसणार, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नाही. घर बांधताना आत राहणाऱ्या माणसाचा विचार करायची पद्धत बहुतेक आता मोडीत निघाली असावी.

आत बसणार होते आमचे वडील. त्यांना आम्ही आबा म्हणतो. भूमकडच्या माळांवर त्यांनी जन्मभर मेंढरं राखली. आई गेली, मग डोळ्यांवर पडदा आला, लांबचं कोकरू आणि जवळचा दगड सारखाच दिसायला लागला, तेव्हा त्यांनी कळप विकला. गावातलं घर चुलतभावाच्या पोरांना दिलं. राहता राहिलो आम्ही दोघं: धाराशिवचा मुलगा आणि अणदूरला दिलेली मी. माझ्याकडं यायचा प्रश्नच नव्हता. आबा माझ्या घरी आले तरी चहा घेऊन दुपारच्या एसटीनं परत जायचे. लेकीच्या दारात राहायला जाणं म्हणजे पोराच्या घरात आपल्याला जागा नाही असं गावभर सांगणं, हे त्यांच्या हाडात बसलेलं. मी कितीदा तरी भांडले. मी शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई, माझं घर माझं आहे, असंही सांगितलं. ते नुसते हसायचे. तेव्हा त्यांना राहायचं होतं भावाकडंच, आणि तिथं नीट जमलं नाही तर या वयात त्यांची मान खाली जाणार होती.

भावानं त्यांना ती कमानीची खोली दिली. "आबांना पुढची खोली दिलीय," हे वाक्य त्यानं इतक्या लोकांना ऐकवलं की मला वाटायला लागलं, खोली आबांना दिलीय की आबा खोलीला दिलेत.

दुपार कलली की त्या खोलीत ऊन शिरायचं. आधी पलंगाच्या पायथ्याशी, मग गादीवर, मग तोंडावर. आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी उजेडाला जपायला सांगितलं आणि काळा चष्मा दिला. खोलीत उजेड अडवायला काही नव्हतं. मी म्हटलं, अरे, बाजारातून जाड कापड आण, दांडी लाव, पडदा सोड. भावानं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू मी खिडकीत गोवऱ्या थापायला सांगितल्या. दांडी कमानीखाली लावली तर वरचा चंद्र उघडा राहतो. कमानीच्या वर लावली तर कमान झाकली जाते. "मग अक्का, कमान केली कशाला?" असं त्यानं मलाच विचारलं. हाच प्रश्न मीही विचारत होते, पण आमच्या दोघांच्या विचारण्यात फरक होता.

त्याला हवे होते कमानीच्या आकाराचे ब्लाइंड्स. पुण्याचा एक इंटिरिअरवाला त्यानं शोधला होता. त्यानं आणलेल्या जाड पुस्तकात नमुन्यांचे तुकडे चिकटवलेले होते, आणि हस्तिदंती, वाळूरंगी, धुकट अशा रंगांवर नवराबायकोची चर्चा चालायची. ती ऐकून मला वाटायचं, घरात लग्नाची मुलगी आहे की काय. तो माणूस म्हणाला, खालचा चौकोन वरखाली होईल, वरचा चंद्र मात्र चुण्यांचा करून कायमचा बंद ठेवू. चांगलं होतं. आबांना तेवढंच पुरेसं होतं. पण भाऊ अडून बसला. वरचा चंद्रही उघडला मिटला पाहिजे, आणि तोही रिमोटवर. येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायचं काय मग?

तसं मिळायला वेळ लागणार होता. लागू दे, म्हणाला. उन्हात थांबायचं होतं ते त्याला नव्हतंच.

चैत्रात एकदा माल आला. मी त्या दिवशी आबांना डोळे दाखवायला नेण्यासाठी गेले होते, त्यामुळं तो सोहळा मला बघायला मिळाला. कारखान्यानं कंपासनं काढावा तसा नेमका अर्धा गोल पाठवला होता. आमच्या गवंड्याची कमान मात्र नेमकी नव्हती. एका अंगाला ती जरा लोळलेली होती, एका अंगाला ताठ. डावीकडं पट्ट्या भिंतीवर चढल्या आणि उजवीकडं हातभर फट राहिली. खिडकीचं माप कुणी घेतलंच नव्हतं. भावानं नकाशा पाठवला होता. आमच्याकडं घर नकाशावर एक असतं आणि जमिनीवर दुसरं, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. ज्यानं नोकरीत असले नकाशे आयुष्यभर तपासले त्याला ते ठाऊक नसावं, याचं मला आजही हसू येतं. माल परत गेला. आबा उन्हात राहिले.

आमच्या गावच्या घराला माळवद होतं आणि माळवदाला साणं होतं, म्हणजे छतातलं एक गोल भोक. आई उन्हाच्या वेळी त्यावर फरशी सरकवायची. थोडी सरकवली की थोडा उजेड, पुरती सरकवली की गारवा आणि अंधार. त्याला रिमोट नव्हता आणि ते कुणाला दाखवायलाही कुणी नेत नव्हतं.

आबांनी शेवटी त्यांच्या पद्धतीनं काम केलं. त्यांच्या ट्रंकेत काळं घोंगडं होतं, माळावर काठ्यांवर ताणून ज्याखाली त्यांनी कितीतरी उन्हाळे काढले ते. कुठून तरी खिळे मिळवले, पलंगावर उभे राहिले आणि पॉलिश केलेल्या चौकटीत ठोकून कमान झाकून टाकली. घोंगडं कमानीला बरोबर बसलं असं नाही, खाली लोंबत होतं, पण खोलीत अंधार झाला. त्या दुपारी आबा घोरत झोपले. भावजय सांगत होती, घोरण्याचा आवाज स्वयंपाकघरात येत होता. तिनं ते तक्रार म्हणून सांगितलं.

भाऊ संध्याकाळी आला. त्याला आधी रस्त्यावरून घोंगडं दिसलं, मग चौकटीतले खिळे दिसले, आणि आबा सगळ्यात शेवटी दिसले. लोक काय म्हणतील, इथून त्यानं सुरुवात केली. मेंढराचा वास येतो, म्हणाला. ज्या मेंढरांच्या लोकरीवर याची फी भरली गेली त्यांचा वास आता याच्या नाकाला झोंबत होता. मी फोनवर ऐकत होते, भावजयीनं फोन चालूच ठेवला होता. मग तो आणखी चढला आणि म्हणाला, "आख्खं आयुष्य उन्हात काढलंत तुम्ही. आता घरातल्या उन्हाचा त्रास व्हतो?"

आबांचा आवाज शांत होता. "रानात ऊन लागलं की म्या झाडाखाली सरकत व्हतो. हितं कुठं सरकू?"

घोंगडं चारसहा दिवस राहिलं, ते केवळ इंटिरिअरवाला पुन्हा माप घ्यायला येईल तेव्हाच खिळे उपटायचे ठरले म्हणून. तो आला आणि त्यानं खिडकीकडं बघायचं सोडून घोंगड्याकडं बघितलं. हातात घेतलं, उलटं केलं, काठ चाचपला. हे खरं हातमागाचं आहे का, विचारलं. मग म्हणाला, सर, अशी वस्तू पुण्यात लोक शोधत फिरतात, ही खिडकीत काय करतेय, हिला हॉलची मेन भिंत पाहिजे.

झालं. कालपर्यंत ज्या घोंगड्याची लाज वाटत होती ते एका दुपारीत घराची शान झालं. भावाला आपण कोणत्या घरातले आहोत हे आठवायला पुण्याहून माणूस यावा लागला. घोंगडं ड्रायक्लीनिंगला गेलं. मेंढराचा वास काढून आणलं. हॉलच्या भिंतीवर सागवानी पट्टी ठोकून टांगलं आणि त्यावर छतातून एक पिवळा दिवा सोडला. ज्या वस्तूचं जन्माचं काम उजेड अडवायचं, तिच्यावर यांनी उजेड पाडला. आबांना विचारलं होतं म्हणे. विचारलं म्हणजे सांगितलं. आबा म्हणाले होते, लावा, पण दुपारचं मला देत जावा. ते सगळ्यांनी हसण्यावारी नेलं.

मग आबांनी छत्री काढली. घरात छत्री उघडत नाहीत, अवदसा येते, असं भावजय बोलली, पण ती फक्त बोलली. ऊन गादीवर चढलं की आबा काळा चष्मा लावून, छत्री उघडून, पलंगावर भिंतीला टेकून बसायचे. झोप नाही. ऊन सरकेल तशी छत्री कलती करायची. मी पुढच्या खेपेला गेले आणि दारातूनच ते बघितलं. मला रडू आलं आणि रागही आला. भावाला बोलले. तो म्हणाला, माल निघालाय, थोडी कळ काढा. कळ काढणारा माणूस वेगळा आणि सांगणारा वेगळा असला की हे फार सोपं जातं.

त्याच दुपारी भावाचे साहेब घर बघायला आले. चहा झाला, घर दाखवून झालं. हॉलमध्ये घोंगड्यापुढं उभं राहून भावानं भाषण केलं. आमचे वडील मेंढपाळ, ऊन म्हणू नका, वारा म्हणू नका, हेच त्यांचं छप्पर, आम्ही मुळं विसरलो नाही साहेब. आवाज भरून आला होता. मी कपबश्या उचलत होते, एखादी फोडावी असं वाटलं. साहेब मात्र सज्जन निघाले. वडील कुठं असतात, मला भेटायचंय, म्हणाले. भाऊ 'झोपले असतील' म्हणेपर्यंत मी आबांच्या खोलीचं दार उघडलं. मुद्दाम उघडलं.

खोलीत डोळे दिपतील असं ऊन होतं. मधोमध पलंगावर आबा, काळा चष्मा, वर छत्री. साहेबांनी नमस्कार केला आणि चाचरत विचारलं, घरात छत्री का घेतलीय.

"छप्पर भितीला टांगलंय, सायेब," आबा म्हणाले. "तवर ही."

यात टोमणा नव्हता. आबांना टोमणे मारता येत नाहीत. साहेबांनी पुन्हा हात जोडले आणि ते निघून गेले. भाऊ त्यांना फाटकापर्यंत पोचवून आला आणि त्यानं माझ्यावर तोंड टाकलं, मी मुद्दाम दार उघडून त्याची अब्रू घालवली म्हणून. आबा तोवर हॉलमध्ये आले होते. त्यांनी खुर्ची सरकवली, वर चढले आणि पट्टीतून घोंगडं ओढून काढलं. कुणी पुढं झालं नाही. घडी घालताना त्यांनी ते नाकाशी नेलं, दोनदा हुंगलं, आणि चेहरा पाडला. मग मला म्हणाले, "अणदूरची यष्टी किती वाजता हाय?"

एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं असेल हे भावाला कळलं नाही. मला कळलं. स्टँडवर मी त्यांच्याकडं बघितलं नाही. माझ्या दारात आले तेव्हा उंबऱ्याशी ते जरा थांबले, आणि मग आत आले. माझ्या खोलीला एक बारकी खिडकी आहे. आबांनी तिच्यावर घोंगडं टाकलं नाही, गरजच नव्हती. पहिले काही दिवस ओळखीचं कुणी भेटलं की स्वतःच सांगायचे, डोळं दाखवायला आलोय, जाणार हाय. नंतर सांगायचं बंद केलं.

दसऱ्याच्या सुमारास भावाचा फोन आला, चित्रासकट. ब्लाइंड्स लागले होते, या वेळी कमानीला पुठ्ठा लावून माप घेतलं होतं. आवाजात नुसता आनंद. आबांसमोर फोन धरायला सांगितला. रिमोट दाबला तसा खालचा चौकोन उतरला, मग वरचा चंद्र चुणीचुणीनं मिटत गेला, आणि दुपारच्या त्या वेळी खोली पार अंधारी झाली. पडद्यावर पलंग दिसेना, भाऊ दिसेना. खरंच छान जमलं होतं, हे मी कबूल करते. आता या, आबा, असं अंधारातून तो म्हणाला.

आबांनी फोन नव्या डोळ्याजवळ नेला.

"आत कोण हाय आता?"

"कुणी न्हाय आबा. मीच."

"मंग ऊन कुणाला लागतंय?" आबा म्हणाले. "उघडंच ठिव."

फोन माझ्या हातात दिला आणि घोंगडं पांघरून ते आडवे झाले.