श्वासापुरता थांबलेला ठेका

आमच्या बँडमध्ये ड्रम नाही. ब्लूग्रास हे अमेरिकेच्या डोंगराळ भागातलं, बँजो आणि फिडलचं संगीत. त्यात ठेका धरायचा तो मँडोलिनवाल्याने. हॅम्बर्गच्या आमच्या बँडात तो मँडोलिनवाला मी, एरवी विमानाच्या भागांची ड्रॉइंग्ज तपासणारा पुण्याचा इंजिनिअर. बाकीचे चौघे जर्मन. जुन्या गाण्यांत जॅझ घुसडायची खोड त्यांची, आणि मला ती जाम आवडायची.

आमचा गायक शेवटच्या ओळीआधी श्वास घ्यायला उशीर करायचा. अकरा वर्षं मी त्या श्वासापुरता थांबत आलो. मग त्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये आवाज गेला आणि गाठ परत आली.

अल्बम अर्धा झाला होता. त्यानेच पाटीवर लिहून हुकूम सोडला: नवी गायिका घ्या, पुरा करा, मला ऐकायचाय. मला त्याचा रागच आला. मुलगी मिळाली, ती सुरेख गायची, म्हणून तिचाही आला. आम्ही सगळे एकाच माइकभोवती उभे राहून रेकॉर्ड करतो, त्यामुळे एकाची चूक नंतर पुसता येत नाही. शेवटच्या गाण्यात मी शेवटच्या ओळीआधी, त्याच्या श्वासाच्या जागी थांबलो. पुन्हा थांबलो. सहाव्यांदा बँजोवाला वैतागला.

"अरे, तू वाट कुणाची बघतोयस?"

सगळ्यांना माहीत होतं. ती मुलगी खाली मान घालून उभी राहिली. शेवटी जे रेकॉर्डिंग ठेवलं, त्यातही ती फट राहिलीच.

तो आता हॉस्पिसमध्ये होता, म्हणजे जिथून कुणी घरी परतत नाही तिथे. अल्बम घेऊन मी तिथे गेलो. आपली गाणी दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकून हा उरलासुरला खचेल, असं वाटत होतं. त्याने हेडफोन लावून डोळे मिटले. त्या मुलीच्या गाण्यावर दोनदा मान डोलावली. शेवटच्या गाण्यात त्या जागी त्याची छाती वर आली आणि तशीच राहिली. मग त्याने पाटी मागितली.

"ती छान गाते. तिला तिथे श्वास लागत नाही. थांबू नकोस."

"बरं," म्हणालो.

त्याच्या अंत्यविधीला आम्ही तेच गाणं वाजवलं. मी थांबलो नाही. ओळ वेळेवर आली, आणि तो गेल्याचं मला तेव्हा कळलं.