‘शिक्षा’ कुणाची?

आमची शरदिनीताई गोष्ट पूर्ण वाचल्याशिवाय सूचीत घेत नाही. जुन्या मराठी मासिकांतल्या कथांची ती सूची करते: कथेचं नाव, लेखक, अंक, विषय. पुण्याचे संपादक फोनवर म्हणतात, बाई, शीर्षक बघा आणि पुढे चला. ताई ‘हो’ म्हणते आणि वाचत बसते. ग्रंथालयातून निवृत्त झाली, पण तिचा हट्ट काही निवृत्त झाला नाही. काशीत दुर्गाघाटच्या आमच्या घरात पलंगावर मासिकं झोपतात आणि मी, तिचा धाकटा भाऊ, चटईवर.

दोन महिन्यांपूर्वी ती ‘शिक्षा’ नावाच्या कथेवर अडली. साठेक वर्षांपूर्वीचा अंक, लेखिका ‘एक भगिनी, काशी’. वर चित्र: छडी उगारलेला म्हातारा आणि हात पुढे करून रडणारी मुलगी. कथेत मात्र छडीचं नावही नाही. पाठशाळेत मुलं घोकतात आणि भिंतीपलीकडे तांदूळ निवडणारी मुलगी ऐकून ऐकून सगळं शिकते, एवढीच गोष्ट.

“विषय ‘छळ’ टाक आणि जेवायला चल,” मी म्हटलं.

ताई खो खो हसायला लागली. “अरे, ही मराठीतली शिक्षा नाहीच. हिंदीतली! शिक्षण! चित्रकाराने नुसतं नाव वाचून छडी काढली. ही बाई आपल्या गल्ल्यांतलीच कुणीतरी.”

दुसऱ्या दिवशी बायकांच्या भजनानंतर तिने ती कथा मोठ्याने वाचली. मीही पेटी उचलायला गेलो होतो. ताई पान उलटायला थांबली आणि कोपऱ्यात वाती वळणाऱ्या अन्नपूर्णामावशींनी मान वर न करता पुढचं वाक्य म्हटलं. अगदी शब्दन्‌शब्द.

“मावशी, तुमची?”

“नाव नको घालू गं. सासऱ्यांची पाठशाळा होती. ते चित्र बघून म्हणाले, सूनबाई, आम्ही मारतो का तुला? दुनियेला काय तोंड दाखवू? मी कसम खाल्ली, परत काही लिहिलं नाही.”

मला त्या चित्रकाराचा असा संताप आला! आदल्या दिवशी मीही तेच केलं होतं, पण माझी गोष्ट वेगळी, मला भूक लागली होती.

“चित्र त्याचं, गोष्ट तुमची,” ताई म्हणाली. “सूचीत मी चित्रकारांना घेत नाही. आणि नाव-अर्थ काही घातलं नाही, तर पुढचा माणूस चित्रच बघेल आणि म्हणेल, त्या घरात मारत होते.”

मावशींच्या हातातली वात तशीच राहिली. “सासरे फार चांगले होते गं.”

“मग तसंच कळू दे सगळ्यांना.”

मावशींनी होकाराची मान हलवली. काल ताईने त्यांना छापील पान नेऊन वाचून दाखवलं: ‘शिक्षा (शिक्षण या अर्थाने). लेखिका: अन्नपूर्णा धर्माधिकारी, काशी.’ मावशींनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग आपल्या नावावरून बोट फिरवत राहिल्या.

“आणि पुढचीला जागा कुठे ठेवलीस?” त्यांनी विचारलं.

“पुढची कुठली, मावशी?”

“लिहीन ना आता. नाव ‘शिक्षण’च ठेवते. मेल्यांना समजेल तरी.”