पिवळ्या फुलांचा चहा

माझ्या वहिनीचं नाव वाल्बुर्गा, पण आम्ही सगळे तिला बुर्गल म्हणतो. बाईला खोटं बोलता येत नाही. पत्त्यांत लबाडी करते, पण तेव्हाही कान लालबुंद होतात. चीजच्या कारखान्यातली नोकरी सोडून ती लग्न होऊन आमच्या घरी आली. पहिल्याच आठवड्यात मला, म्हणजे धाकट्या नणंदेला, बाजूला घेऊन म्हणाली, "आफ्रा, तुझ्या भावाला बोलता येतं ना गं?" प्रश्न रास्त होता. आमचा वेंडेलिन गाईंशी बोलतो, माणसांशी नाही.

अशा बाईला रक्ताचा कर्करोग झाला. डॉक्टर हाउकबाईंनी रोजची एक गोळी लिहून दिली आणि म्हणाल्या, "ही चुकवू नका, म्हणजे म्हातारपण बघाल." बुर्गल म्हणाली, "ते तर बघतेच आहे. पुढचं काय ते सांगा."

मग गावाला चेव चढला. शेजारीण बिटाचा रस घेऊन आली. पोस्टातली बाई बांडगुळाच्या अर्काची सुई टोचून घ्यायचं गुणगान गाऊन गेली. इस्पितळातच पूरक उपचारांचा एक वेगळा विभाग होता. तिथे लव्हेंडरचं तेल चोळून पाय लोकरीत गुंडाळायचे, आणि गुरुवारी हातपाय हळूहळू हलवायचा एक चिनी व्यायाम शिकवायचे. बुर्गल घरी येऊन म्हणाली, "अडलेल्या गाईजवळ जातो तसंच चालायचं. त्यात चिनी काय आहे?" पण तिला तो आवडला. झोप लागायला लागली. यातली प्रत्येक गोष्ट ती हाउकबाईंना विचारूनच करायची. बिटाला हो म्हणाल्या, सुईला तूर्त नको म्हणाल्या. बुर्गलने मुकाट्याने ऐकलं.

उन्हाळाभर रक्त सुधारत होतं. पानगळ सुरू झाली आणि रक्ततपासणीतले आजाराचे आकडे पुन्हा चढायला लागले.

कुणाला काही कळेना. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी रोज घेता ना?" घेते म्हणाली. "दुसरं काही? झाडपाला, काढे, चहा?" नाही म्हणाली. कान अजिबात लाल झाले नाहीत. पुढच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न, जरा कडक आवाजात. आकडे असेच राहिले तर जहाल औषध द्यावं लागेल, आणि ते या वयात झेपेल याची खात्री नाही, असंही त्यांनी सांगितलं. गाडीत बसल्यावर बुर्गल रडली. "मला लबाड समजतात गं. मी काय चुकतेय तेच कळत नाही."

खरं सांगायचं तर मलाही संशय आला होता. गोळीने तिला मळमळायचं. फेकत असेल म्हणून मी खिडकीतल्या कुंड्यांची माती उकरून पाहिली. मुळं सापडली, दुसरं काही नाही. वेंडेलिनला विचारलं, "दादा, ती गोळी गिळते ना रे?" तो म्हणाला, "माझ्यासमोर." आणि गोठ्यात निघून गेला. मी काय मानावं?

पुढच्या तपासणीला वेंडेलिन आपण होऊन गाडीत बसला. हाच चमत्कार मोठा होता. इस्पितळात खूप वेळ बसावं लागलं. संध्याकाळ झाली तशी त्याने पिशवीतून थर्मास काढला, कप भरला आणि बुर्गलच्या हातात दिला. तेवढ्यात हाउकबाई दारात आल्या.

"हे काय पिताय?"

"आमच्या जुडीचं पाणी," बुर्गल म्हणाली.

ऑगस्टमध्ये मेरीमातेच्या सणाला आम्ही रानातल्या वनस्पतींची जुडी बांधतो आणि चर्चमध्ये नेऊन तिच्यावर आशीर्वाद घेतो. मग ती स्वयंपाकघरात क्रुसाखाली टांगून ठेवायची. वादळ आलं की चिमूटभर चुलीत टाकायची, गाय आजारी पडली की तिला चारायची. ती औषध आहे असं आमच्यात कुणाच्या मनातही येत नाही. ती देवाची.

"यात संत योहानाचं पिवळं फूल आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मग!" वेंडेलिन एकदम बोलता झाला. "तेच जास्त घातलंय. मन उदास झालं की आई तेच द्यायची. मी रोज संध्याकाळी उकळून देतो. सणापासून एकदाही चुकवलं नाही."

हाउकबाई आमच्याजवळच्या खुर्चीत बसल्या. त्यांनी सावकाश सांगितलं की त्या फुलामुळे शरीर गोळीला आपलं काम करूच देत नाही, भराभर बाहेर टाकतं.

"पण यावर आशीर्वाद घेतलाय," वेंडेलिन म्हणाला.

"आशीर्वादाबद्दल माझी तक्रार नाही, काका. फुलाबद्दल आहे."

त्याने बुर्गलच्या हातातला कप काढून घेतला. कुठे ठेवावा हे त्याला कळेना. हातात धरूनच उभा राहिला.

चहा बंद झाला. गोळी, फिरणं आणि तो चिनी व्यायाम चालू राहिला. पुढच्या तपासणीनंतर हाउकबाईंचा फोन आला. आकडे उतरले होते, जहाल औषधाची गरज नव्हती. मी टाळ्या वाजवल्या, बुर्गलला मिठी मारली. मागे वळून बघते तर वेंडेलिन टेबलावर डोकं टेकून रडत होता. मी चक्रावलेच. म्हटलं, "अरे वेड्या, बातमी चांगली आहे!"

"म्हणजे मीच," तो म्हणाला. "मीच तिला मारत होतो."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बातमी जितकी चांगली, तितकी त्याला जास्त लागणार होती. आता हसावं की रडावं, मला समजेना.

बुर्गल त्याच्याजवळ जाऊन बसली. नाही, तुझा काही दोष नाही, असं काही ती म्हणाली नाही. ते खोटं झालं असतं.

"हो, तूच," ती म्हणाली. "सांग ना, कशाला करत होतास रोज?"

त्याने टेबलावरचं डोकं वर उचललं.

"तू गेलीस तर मी काय करू, म्हणून," तो म्हणाला.

बुर्गलने डोळे पुसले. "बाई गं," ती मला म्हणाली, "याला बोलता येतं."