कंपायलर सापडला नाही

उन्हाळ्याच्या सुट्टीत यवतमाळचं आमचं इंजिनीअरिंग कॉलेज असं रिकामं व्हायचं की कॉरिडॉरमध्ये माझीच चप्पल मला ऐकू यायची. बाकीचे लेक्चरर आपापल्या गावी, पोरं तर केव्हाच पसार. लॅबमध्ये मी, एक करकरणारा कूलर आणि स्क्रीनवर तीच ती ओळ: कंपायलर सापडला नाही. "अबे, आहे ना तिथंच! डोळे फुटले काय तुझे?" मी कॉम्प्युटरवर ओरडायची. ओरडायला दुसरं होतं कोण?

पुण्याच्या एका कंपनीनं मला अर्धीमुर्धी नोकरी दिली होती. मुलाखतीत मी सांगून बसले होते, की जिनिंगमध्ये सरकी काढलेली रुई दाबून तिची गाठ, म्हणजे गासडी, बांधतात तेव्हा ती आतून किती जोर लावते, याचं गणित मी स्वतः लिहिलंय. "मग ते सिम्युलेशनमध्ये चालवून दाखवा," ते म्हणाले. "जूनच्या आत निकाल पाठवा, नोकरी तुमची." मग गाव विचारलं. यवतमाळ म्हटल्याबरोबर सगळ्यांचे आवाज खाली आले. त्या वर्षांत बाहेर कुठंही आमच्या जिल्ह्याचं नाव काढा, लोक मयताला आल्यासारखे बोलायचे. मला असा राग आला की समोरचा चहासुद्धा प्यायले नाही. अहो, आम्ही जिवंत आहोत! पण नोकरी मला हवी होती, आणि फार हवी होती. त्या रिकाम्या कॉलेजात मला म्हातारं व्हायचं नव्हतं.

आता कॉम्प्युटरवर गाठ दाबून दाखवणारं जे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर, त्याला माझं गणित जसंच्या तसं कळत नाही. मध्ये कंपायलर लागतो, म्हणजे माझं लिखाण मशीनच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्राम. कॉलेजनं तो मागवला तेव्हा मीच ठासून सांगितलं होतं, सगळ्यात नवीन मागवा. आमच्या रक्तातच आहे ते. बाबा दारव्ह्याला एका कृषी केंद्रात काउंटरवर होते. लहानपणापासून मी त्या दुकानात ऐकत आले, गिऱ्हाईक पायरी चढायच्या आधी विचारणार, "नवीन कोनतं आलं?" कापसानं दगा दिला की वाण बदलायचं, हीच रीत. मागच्या साली ज्याचं बरं पिकलं तोही यंदा नवीनच मागायचा. मी तरी वेगळं काय केलं?

आधी वाटलं, पत्ताच चुकला असेल. कंपायलर कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते हातानं लिहून दिलं. तर सापडला, पण जोडणी करताना मध्येच बसकण मारली; हे फंक्शन मिळत नाही, ते फंक्शन मिळत नाही. सगळं सॉफ्टवेअर काढलं, परत टाकायला घेतलं. निम्मं झालं नाही तर लोडशेडिंग. अरे बाप्पा! लाइट आली तेव्हा ना धड बसलेलं ना धड निघालेलं, आणि काढू म्हटलं तर निघेना. एकेक उरलीसुरली फाइल शोधून पुसत बसले. विचारायचं कोणाला? ज्याला यातलं कळायचं तो सहकारी बेंगलोरला निघून गेला होता. त्याला फोन लावला तर म्हणाला, "तू अजून तिथंच?" पुढं काय बोलला ते मला आठवत नाही, एवढंच लागून राहिलं.

संध्याकाळी बाबांचा फोन यायचा. आई गेल्यापासून ते रोज करायचे.

"झालं काय वं बाई?"

"नाही."

"काहून?"

"कंपायलर बसत नाही, बाबा."

"असं. जेवली काय?"

त्यांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण माझ्या कामाचं विचारणारं अख्ख्या दुनियेत तेवढं एकच माणूस होतं, आणि मी त्यांनाच चिडून उत्तरं द्यायची. फोन ठेवला की रडू यायचं.

मे संपत आला तेव्हा, करायला दुसरं काही उरलं नाही म्हणून, सॉफ्टवेअरबरोबर आलेली माहिती मी शेवटपर्यंत वाचली. मागे एक तक्ता होता. आमच्या आवृत्तीला कोणता कंपायलर चालतो ते त्यात सरळ लिहिलेलं. माझा त्यात नव्हताच. सॉफ्टवेअर बाजारात आलं तेव्हा तो जन्मलाच नव्हता, ते बिचारं ओळखणार कसं? मी कपाळावर हात मारून घेतला. पण बियाण्याच्या पाकिटामागचं तरी आमच्याकडे कोण वाचतं?

तक्त्यातला कंपायलर कॉलेजच्या स्टोअरमध्ये पडून होता. तिथला क्लार्क मलाच शिकवायला लागला. "जुन्याचं काय करता मॅडम? नवीन तुमीच त मांगवला न!"

"द्या म्हणते ना मुकाट्यानं!"

सगळं साफ केलं. आधी जुना कंपायलर टाकला, मग त्यावर सॉफ्टवेअर, मग माझं गणित जोडलं. या खेपेला कसली तक्रार नाही. स्क्रीनवर गाठ हळूहळू दबत गेली, कडेनं पिवळी, मधोमध, जिथं जोर जास्त तिथं, लाल. मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. "झालं! अरे, झालं!"

दारात शिपाई कुलूप घेऊन उभा होता. "झालं ना मॅडम? मंग कूलर बंद करू काय?"

निकाल पाठवला आणि पुण्याचा होकार आला. बाबांना हे फोनवर सांगवेना. जीपमध्ये कोंबून घेऊन दारव्ह्याला गेले. पेरणीचे दिवस तोंडावर होते तरी दुकानात गर्दी नव्हती. बाबा फळीवर बियाण्याची पाकिटं लावत होते आणि शेजारच्या दुकानाचे टेलरकाका बाकावर बसले होते.

"बाबा, झालं. पुढच्या आठवड्यात पुण्याला जायचंय."

बाबा तोंडभर हसले. "शाब्बास वं माही बाई!" मग काकांकडे वळून म्हणाले, "पुण्याले चालली ना जी आपली पोरगी. मोठी कंपनी हाय. दर महिन्याले येईन म्हणते."

मी असं काहीच म्हटलं नव्हतं.

"हो काय वं?" काकांनी मला विचारलं. "लय दूर पडते पन थे."

बाबा पाठ करून पाकिटं सारखी करत राहिले. ती आधीच सारखी होती.

"हो काका," मी म्हणाले, "दर महिन्याले येईन." त्या वेळी मला खरंच वाटत होतं, की येईन.