आठशे वेढे

रत्नप्रभा बोलायची कमी आणि मोजायची जास्त. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात एकवीस वर्षं ती ट्रान्सफॉर्मरच्या बॉबिनवर तांब्याची तार गुंडाळत होती. एका बॉबिनला आठशे वेढे. वीस झाले की एक चिंचोका बाजूला सरकवायचा. चाळीस सरकले की बॉबिन पुरं. मध्ये कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. लेक चेतना म्हणायची, "आई रविवारीपण मनात मोजत असते."

मालक सुबोधशेठ वयाने तिच्या निम्मा, अकलेने दुप्पट असा त्याचा स्वतःचाच समज. त्याने तार गुंडाळायच्या यंत्राचा हाताने फिरवायचा दांडा काढून शिलाई मशीनची जुनी मोटर बसवली, चाकाला लोहचुंबक चिकटवलं आणि चाकाच्या दर फेऱ्याला एक आकडा पुढे टाकणारा पाच व्होल्टचा डिजिटल काउंटर जोडला. काउंटरची नाजूक वायर मोटरच्या वायरीलाच गुंडाळून टाकली.

"झकास! आता ते चिंचोके फेका, मावशी."

आठवड्याभरात माल परत आला. ट्रान्सफॉर्मर तापत होते. शेठ सगळ्यांसमोर म्हणाला, "मशीन चुकत नाही मावशी, तुमचंच लक्ष नसतं."

हे तिच्या जिव्हारी लागलं. एकवीस वर्षांत तिचं एक बॉबिन परत आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी काउंटरवर बरोबर आठशे आले तसं तिने ते बॉबिन शेठपुढे ठेवलं आणि वेढा वेढा मोजत सगळं उलगडलं. सातशे बावन्न!

"मोटरचा कार्बन ठिणगी मारतो ना, तेव्हा हा मेला काउंटर उगाच आकडा पुढे टाकतो. दोघांच्या वायरी एकमेकींपासून लांब करा."

शेठने वायरी वेगळ्या केल्या, काउंटरला ठिणगीचा त्रास अडवणारी जाळीची वायर घातली. रत्नप्रभाने दहा बॉबिनं तपासून दिली. सगळी नेमकी आठशेची. त्या संध्याकाळी ती घरी जिलबी घेऊन गेली.

सोमवारी तिच्या स्टुलावर श्वेता नावाची नवी पोरगी बसली होती. कानात हेडफोन, ओठांवर गाणं, समोर आकडा आपोआप चढतोय.

"आता मोजायला माणूस लागत नाही ना, मावशी," शेठ म्हणाला. "तुम्ही आराम करा. आजच्या दिवस फक्त हिला तार कशी ताणून धरायची ते दाखवा."

तिला शेठपेक्षा स्वतःचाच संताप आला. खोटारड्या यंत्राला खरं बोलायला तिनेच शिकवलं होतं. तरी ती श्वेताशेजारी बसली, तिची बोटं धरून तारेवर ठेवली आणि दुपारपर्यंत सगळं नीट शिकवलं. वाईट शिकवणं तिला जमलंच नाही.