चुन्याच्या दगडांपलीकडे

ही गोष्ट सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं. बायकोलाही कधी सांगितली नाही. पण गेल्या हिवाळ्यात नात मला गावच्या तलावावर घेऊन गेली. आता तिथे पायवाटा आखल्यात, बसायला बाकं आहेत, लोक गळ्यात दुर्बिणी अडकवून येतात. पक्षी दाखवणारा गावातलाच पोरगा पाण्यातल्या बाभळींकडे बोट करून म्हणाला, "पूर्वी एका मेंढक्यानं हितं मेंढरं घातली, तवा करकोचं अंडी टाकून उठलं." नातीने मान डोलावली. ते खरं नाही, हे सांगणारा आता मी एकटाच उरलो आहे.

पन्नास-पंचावन्न सालाकडची गोष्ट. कळंबहून इंदापूरकडे जाताना आमचं गाव. आमचा वांगी-मिरचीचा मळा. तलाव कालव्याच्या पाण्याने भरायचा. थंडी सरताना रंगीत करकोचे पाण्यातल्या बाभळींवर घरटी करायचे. गाव म्हणायचं, लेकी बाळंतपणाला माहेरी आल्या. मग त्या अंगाच्या काठावर चुना फासलेल्या दगडांची ओळ मांडली जाई. पिल्लं उडेपर्यंत तिच्या पलीकडे जाळं नाही, कुऱ्हाड नाही, जनावर नाही.

माझा एक मेंढका दोस्त होता. उन्हाळ्यात त्याची मेंढरं रात्री खतासाठी आमच्या मळ्यात बसत आणि दिवसा तलावाकाठी चरत. बाकीचे पाणवठे तोवर आटलेले असत. त्याचा सारा उन्हाळा या पाण्यावर निघायचा. आम्ही दोघं बांधावर बसून पक्षी बघायचो. भर उन्हात एखादा करकोचा घरट्यावर पंख पसरून उभा राही. पिल्लांना सावली धरतो, की स्वतःचे पंख वाळवतो? यावर आमची दुपार जायची.

"बाप बी बसतो अंड्यावर," तो म्हणायचा.

"तुला सांगून बसतो व्हय?"

"तुझ्यावानी न्हाय त्यो, लेकरू रडाय लागलं की मळ्यात पळणारा!"

माझं पहिलं मूल तेव्हा अंगावर पीत होतं. बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं.

एका बाजाराच्या दिवशी तो घोंगड्या विकायला इंदापूरला निघाला. "सांजच्याला येतो. मेंढरं बघ, गड्या. दगडाच्या पल्याड जाऊ देऊ नगंस."

दुपारी मेंढरं एकमेकांच्या सावलीत मुंड्या घालून उभी राहिली. आता ती हलत नाहीत, असं मला वाटलं. पोहायला शिकताना कमरेला बांधायचा वाळका भोपळा घरी होता, तो बांधून मी पाण्यात शिरलो. मला फक्त घरट्यात काय आहे ते बघायचं होतं.

काटे लागत होते तरी बाभळीवर चढलो. तसे त्या अंगाचे सगळेच पक्षी एकदम उठले. घरटं काटक्यांचं, आत हिरवा पाला अंथरलेला. दोन मळकट पांढरी अंडी आणि पांढऱ्या लवीचं एक पिल्लू. मला बघून त्याने गिळलेला मासा ओकला, जवळजवळ अख्खा. आईबापाने मासा असा पोटातून आणून भरवला असणार, म्हणजे चोचीतून नाही! मी खुळ्यासारखा बघत राहिलो. भान आलं तेव्हा शेजारच्या घरट्यांत कावळे बसले होते आणि चोचींना पिवळा बलक लागला होता. करकोचे वर घिरट्या घालत होते, खाली उतरत नव्हते. काठावर मेंढरं दगड ओलांडून लव्हाळ्यात शिरली होती.

मेंढरं मी मागे हाकलली. खुरांचे ठसे चिखलात राहिले. त्या बाभळींवर पक्षी त्या वर्षी परत बसले नाहीत.

संध्याकाळी बांधावर माणसं जमली. मेंढका नुकताच बाजारातून परतला होता. गावातले वडीलधारे, ज्यांना सगळे आबा म्हणत, ठशांकडे काठी करून म्हणाले, "माहेरच्या लेकी उठवल्यास. कुठं हुतास तू?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी पाण्याकडे बघितलं.

"मेंढरं माजी हायत, आबा," तो म्हणाला. "मंग दोष बी माजाच."

"मंग ह्या पाण्यावर पुन्यांदा येऊ नगंस."

दुसऱ्या दिवशी तो कळप घेऊन गेला. पाण्यावाचून त्याची बरीच कोकरं वाटेतच मेली, असं नंतर कानावर आलं.

पुढच्या वर्षी करकोचे लांबच्या बाभळींवर आले. मी एकटाच बांधावर बसायचो. एक पक्षी येई, बसलेला उठे, आळस दिल्यासारखे पंख ताणून उडून जाई. आलेला चोचीने अंडी उलटी करून त्यांवर बसे. मेंढक्याचं खरं होतं. सांगायला तो नव्हता.

पुष्कळ वर्षांनी तो इंदापूरच्या स्टँडवर दिसला. केस पिकलेले, डोळे तेच. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो, तेवढ्यात त्यानेच विचारलं, "काय रं, बाप बसतो का न्हाय?"

"बसतो. दोघं बी आळीपाळीनं बसत्यात."

"मी म्हनलं न्हवतं?" तो मनापासून हसला.

तेवढ्यात त्याची एसटी लागली. त्याने पिशवी उचलली, आत चढला, खिडकीतून हात केला. 'त्या दिवशी मेंढरं माझ्या ताब्यात होती, पक्षी मी उठवले, मला माफ कर', एवढंच म्हणायचं होतं. मी नुसता हात हलवला.